खारीज, बकलम चिंतलवार

हिमनदीत पोहता येत नाही, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पाच माणसांदेखत कळलं.

दोष माझा एकट्याचा नाही. नदी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बासरची गोदावरी येते. घाट, ओल्या पायऱ्या, कमरेएवढ्या पाण्यात नाक धरून उभी असलेली माणसं. हिम म्हणजे गार. तेव्हा हिमनदी म्हणजे गार पाण्याची नदी, असा मी आपला समास सोडवून मोकळा झालो होतो. पिंडारी हिमनदीला जाणाऱ्या प्रत्येकानं आपल्या सामानाची यादी लिहून आणावी, असा हुकूम निघाला, तेव्हा दुकानाच्या पॅडवर मी सुवाच्य अक्षरात लिहून नेलं: टॉवेल दोन, पोहण्याची चड्डी एक, आंघोळीचा तांब्या एक, खोबरेल तेलाची बाटली एक. त्याखाली बायकोच्या सांगण्यावरून: नारळ एक, खण एक, हळदकुंकवाची पुडी एक.

यादी गिरदावरांनी वाचली, तीही मोठ्यानं. 'पोहण्याची चड्डी'पाशी ते थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि तेच शब्द दुसऱ्यांदा वाचले.

"दुकानदार," ते म्हणाले, "तिथं हत्तीवर हत्ती उभा राहील एवढा बर्फ हाय. तुमी सूर कुठून मारणार?"

बाकीचे चौघं हसले. गिरदावर हसले नाहीत. त्यांनी खिशातली लाल-निळी पेन्सिल काढली आणि लाल टोकानं यादीवर आडवं लिहिलं: खारीज. बकलम चिंतलवार.

माणिकराव चिंतलवार हे आमच्या गुडीहत्नूरचे निवृत्त गिरदावर. गिरदावर म्हणजे पटवाऱ्याच्या वरचा, गावोगाव फिरून शेतं आणि बांध तपासणारा महसुली अधिकारी. निजाम गेला, कचेऱ्यांची नावं बदलली, पण आमच्याकडे तो शब्द राहिला आणि चिंतलवारांनी तो अंगरख्यासारखा वापरला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी त्यांची बोली कचेरीतून घरी आलेली नव्हती. भाजी नासकी निघाली तर ती 'नामंजूर'. पाहुणा आला तर 'मुक्काम किती?' आणि जे पटलं नाही ते सगळं 'खारीज', खाली 'बकलम', म्हणजे स्वहस्ते, आणि नाव. त्यांच्या त्या दुतोंडी पेन्सिलीचं लाल टोक झिजून पार अंगठ्याशी आलं होतं. निळं टोक, मंजुरीचं, कारखान्यातून आलं तसं होतं. त्याला कधी धारच लागली नव्हती.

मला हा माणूस आवडत नव्हता. आज तो नाही म्हणून आवडायला लागला, असंही नाही.

त्याला कारण होतं. बाजारगल्लीत आमचं कापडाचं दुकान आहे. बावीस वर्षांपूर्वी, वडील गादीवर बसत असताना, चिंतलवार मोजणीची साखळी घेऊन आले आणि आमच्या दुकानाचा ओटा दीड हात सरकारी रस्त्यात आहे, असं म्हणाले. वडिलांनी हात जोडले, चहा मागवला. त्यांनी अर्धा कप घेतला. अर्धा म्हणजे अर्धाच. उरलेला तसाच परत. वडील म्हणाले, "साहेब, जरा परत मोजून पाहा. काही चूक झाली असंल." त्यांनी परत मोजलं. म्हणाले, "तुमचंच खरं. दीड हात अन दोन बोटं."

ओटा तुटला. त्याच आठवड्यात चिंतलवारांनी स्वतःच्या घराची पायरीही रस्त्यात येते म्हणून तोडली, असं लोक सांगायचे. सरकारी माणसाबद्दल लोक काहीही सांगतात. मी काही पाहायला गेलो नाही.

पुढं वडील गेले, चिंतलवार निवृत्त झाले, आणि ज्या महिन्यात ते निवृत्त झाले त्याच महिन्यात मी ओटा परत बांधला. दीड हात अन दोन बोटं. वर चकचकीत फरशी. त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना बाजारगल्लीत यायला वेळ नव्हता. पण चिंतलवार रोज सकाळी फिरायला तिथूनच जायचे. ओट्यापाशी आले की रस्त्याची खरी हद्द जिथं लागते, नेमक्या तिथं हातातल्या काठीचं लोखंडी टोक एकदा आपटायचे. ठक. माझ्याकडे बघायचेही नाहीत. त्या ठिकाणची फरशी दोनदा तडकली, मी दोनदा बदलली. तिसऱ्यांदा तडकली ती तशीच ठेवली.

सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा सहा जणांचा कंपू होता. हायवेच्या कडेनं पुलापर्यंत जायचं आणि यायचं. चिंतलवार सगळ्यांच्या पुढं, तोंडातल्या तोंडात पावलं मोजत. त्यांना नमस्कार केला तर उत्तर लगेच मिळायचं नाही. चालू शेकडा पुरा झाला की ते "हां, नमस्कार" म्हणायचे, आणि तोवर आपण साठ-सत्तर पावलं मागं राहिलेलो असायचो. नवा माणूस दचकायचा.

हिमनदीचं खूळ त्यांचंच. एका पहाटे पुलावर उभं राहून ते म्हणाले, "चाळीस वर्षं जमीन मोजली. एक इंच अशी पाह्यली नाही, की जिचं कोणी मालक नाही. आता अशी जमीन पाहायची हाय जिची पहाणी निघत नाही, कोणाच्या नावचा उतारा नाही."

"म्हणजे वनखात्याची का?" मी विचारलं.

"वनखातं बी मालकच हाय. मी बर्फाचं म्हणून राह्यलो. हिमनदी रोज जरा-जरा सरकते. तिच्यावर हद्दीचा दगड रोवला तं दगडच चालून जाते. चाळीस वर्षं मी दगड रोवले, दुकानदार. मले तो चालणारा दगड पाहायचा हाय."

एवढं लांब वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. आमच्यातले राजेश्वर सर, सरकारी शाळेत गणित शिकवणारे, दोनदा हिमालयात जाऊन आलेले. ते भारावून गेले आणि त्यांनी तिथल्या तिथं मे महिन्याच्या सुट्टीचं ठरवून टाकलं. मी का हो म्हणालो? खरं सांगायचं तर, चिंतलवार जिथं पोचतील तिथं मीही पोचलो हे त्यांना दिसावं म्हणून. डोंगराशी माझं काही नव्हतं. आमच्याकडे चढ म्हणजे हायवेचा पूल.

दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक. चिंतलवारांनी वाटेचा नकाशा काढला होता तो थेट गावनकाशासारखा: खाती, द्वाली, फुरकिया, प्रत्येक मुक्कामाला चौकोन, ओढ्याला नागमोडी रेघ, पुलाला आडवी खूण. कोणत्या दिवशी किती चढायचं, कुठं एक दिवस जास्त थांबून शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची, मीठ-पाणी कोणत्या वेळी, सगळं कलमवार. सातवं कलम मला अजून पाठ आहे: 'डोके दुखल्यास लपवू नये. दुखणाऱ्याने वाद न घालता खाली उतरावे. उतरलेल्यास परत चढण्याचा हक्क राहणार नाही.'

"साहेब, साधं डोकं तर उन्हानंही दुखते," मी म्हणालो.

"दुकानात दुखते तं गोळी खाऊन गिऱ्हाईक करा. तिथं दुखते तं उतरा. दरखास्त, अपील काही नाही."

तिसऱ्या रविवारी भरलेल्या पिशव्या आणायच्या होत्या. शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाला ताणकाटा टांगून चिंतलवार स्वतः वजन करत होते. माणशी आठ किलो, एक ग्राम जास्त नाही. माझा टॉवेल त्यांनी कात्रीनं अर्धा केला. कापडाच्या दुकानदाराच्या टॉवेलाला दुसऱ्यानं कात्री लावणं काय असतं, ते दुसऱ्या धंद्यातल्याला कळायचं नाही. मग नारळ निघाला.

"सहाशे ग्राम. हे कशाले?"

"नदीची ओटी भरायला. बायकोनं दिलाय." पोहण्याची चड्डी मी काढली होती, ओटी काढायची माझी छाती नव्हती. सुमननं बजावलं होतं, "नदीच्या दारी जाऊन राह्यले न तुमी? मंग रिकाम्या हातानं जासान का?"

"बायकोले सांगा, ते नदी नाही. चालती जमीन हाय."

"ते तुम्हीच सांगा तिला."

त्यांनी सांगितलं नाही. त्याऐवजी पावती लिहिली: 'नारळ एक, शेंडीसह, जप्त.' आणि खण उलगडला. त्यातून गोळ्यांची पट्टी खाली पडली.

"ही कोणाची?"

"बायकोची."

"बायको येऊन राह्यली का?"

"नाही."

"मंग तिची गोळी डोंगर काऊन चढून राह्यली?"

व्हरांड्यात कोणीतरी खोकलं. रक्तदाबाची गोळी मी तीन वर्षांपासून घेतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. चिंतलवारांनी माझ्या नावावर लाल पेन्सिल फिरवली. मी म्हणालो, "साहेब, बीपी असलेली कितीतरी माणसं जातात. डॉक्टरला विचारा."

"बीपीसाठी नाही खारीज केलं. खोटं बोलले म्हणून केलं. खाली तुमी खोटं बोलले तं बायको पकडते. वर कोण पकडते? वर एकदम पडते माणूस." मग पेन्सिल खिशात ठेवत: "आदिलाबादच्या डॉक्टरचा कागद आणा. मंग नव्यानं दरखास्त."

मी घरी येऊन त्यांना अशा शिव्या दिल्या की सुमननं खिडकी लावून घेतली. पण कागद आणला. डॉक्टरांनी गोळी बदलली, तपासण्या केल्या, दोन महिने रोज चालायला लावलं. मी चाललो. त्वेषानं चाललो. देवळात जाणारी माणसं देवाचं नाव घेतात, मी पावलागणिक चिंतलवारांचं नाव घ्यायचो.

शेवटची परीक्षा मार्चमध्ये, नेरडीगोंड्याजवळच्या कुंताल धबधब्यावर. आमच्या सपाट मुलखात डोंगराचं काम तिथल्या पायऱ्यांवर भागवावं लागतं. तो डोंगरही उलटा: आधी उतरायचं, मग चढायचं. नियम असा, की आठ किलो पाठीवर घेऊन तीनदा उतरायचं आणि तीनदा चढायचं, मग दहा मिनिटं बसायचं. तेवढ्यात नाडी शंभराच्या खाली आली नाही तर खारीज. प्रत्येकाची नाडी चिंतलवार चावीच्या घड्याळावर मोजायचे आणि वहीत मांडायचे. स्वतःही आमच्यासारखेच आठ किलो घेऊन तीनदा उतरले, तीनदा चढले. सदुसष्टाव्या वर्षी.

धबधब्याला तेव्हा पाण्याची एक बारीक धार होती. वर माकडं आमच्या चपला हुंगत होती. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा मला दोन चिंतलवार दिसत होते, आणि दोन्ही नकोसे होते. पण दहा मिनिटांनी माझी नाडी भरली शहाण्णव. त्यांनी ती दोनदा मोजली आणि लिहिली. शाबासकी नाही, 'मंजूर'ही नाही. फक्त लाल रेघ मारली नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिसऱ्या चढानंतर ते आमच्याकडे पाठ करून कठड्याला धरून उभे होते, खालच्या पायऱ्या मोजत असल्यासारखे. त्या पायऱ्या त्यांनी जानेवारीतच मोजून वहीत लिहिल्या होत्या. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांचे खांदे पाहतो. कुठला खांदा श्वासानं हलतो आणि कुठला तोऱ्यानं, ते मला कळतं.

मी म्हणालो, "साहेब, तुमची नाडी कोण पाहते?"

"मीच पाहतो."

"आपल्या शेताची मोजणी आपणच करायची, असा कायदा हाय का?"

चिंतलवारांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी ते मला काठीनं मारतील असं वाटलं. मारलं नाही. सदऱ्याची बाही वर केली आणि हात माझ्यापुढं धरला.

मी मोठ्यानं मोजायला लागलो. एकशे अठरा. नाडी नुसती पळत नव्हती. मध्येच एक ठोका गायब, मग दोन एकदम, जुनी शिलाई मशीन टाके सोडते तशी. दहा मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग मी परत मनगट धरलं, या वेळी मनातल्या मनात मोजत. एकशे बारा. राजेश्वर सर माझ्या मागं उभे होते. ते अगदी हळू म्हणाले, "वद्दु, सेठ. वद्दु." म्हणजे नको. त्यांनाही दिसलं होतं माझ्या चेहऱ्यावर. मी शहाण्णव म्हणालो असतो तर कोण मोजणार होतं?

"एकशे बारा," मी म्हणालो. आणि कोणाला ऐकू गेलं नसेल तर, म्हणून पुन्हा: "एकशे बारा!"

"परत मोजा," चिंतलवार म्हणाले. "काही चूक झाली असंल."

वडिलांचे शब्द. त्यांना आठवत होते की नाही, मला ठाऊक नाही. मला आठवत होते. मी परत मोजली.

"एकशे चौदा."

त्यांनी बाही खाली केली, कफाची गुंडी लावली, वही उघडली आणि सहाव्या ओळीत, स्वतःच्या नावापुढं, लाल पेन्सिलीनं लिहिलं: खारीज. बकलम चिंतलवार. अक्षर जराही हललं नाही. मी वाकून पाहिलं. बाकी आमच्या सगळ्यांच्या नावांपुढं जानेवारीपासूनचे आकडे होते. त्यांच्या नावापुढचे रकाने मोकळे होते. खोटा आकडा त्यांनी एकदाही लिहिला नव्हता. आकडाच लिहिला नव्हता.

"मोजणी बरोबर हाय," ते म्हणाले. "आयुष्यात पयल्यांदा बरोबर मोजलं तुमी, दुकानदार. आता पिशवीचा डावा पट्टा आवळा. ढिला हाय."

घरी आलो तो गल्लीच्या तोंडापासून सांगत आलो. "खारीज केलं म्हाताऱ्याला! त्याच्याच पेन्सिलीनं!" सुमन चुलीपुढं भाकरी थापत होती. ज्वारीची भाकरी ती अजून गॅसवर करत नाही. तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "खरंच एकशे बारा होती?"

"तुझी शपथ."

"मंग खरं बोलून तुमी इतके खुश काऊन?"

मी पाणी प्यायला उठलो.

निघायच्या आदल्या दिवशी राजेश्वर सरांनी मला चिंतलवारांकडे नकाशा आणायला पाठवलं. मुद्दाम मलाच. इतक्या वर्षांत मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो, आणि उभाच राहिलो, कारण आत जायला पायरी नव्हती. उंबरठा माझ्या गुडघ्याच्या वर. खाली भिंतीला लागून तोडलेल्या पायरीच्या दोन विटा अजून तशाच बाहेर आलेल्या होत्या, पावसानं गोल झालेल्या. बावीस वर्षांत त्यांनी तिथं एक दगडसुद्धा ठेवला नव्हता.

चिंतलवार शिडीवरून उतरावं तसे उलटे उतरले, चौकटीला धरून. नकाशा दिला, नोंदींची वहीही दिली. मग आत हात घालून उंबरठ्यावरून माझा नारळ काढला, शेंडीसकट. आणि खिशातून पेन्सिल काढून खालच्या विटेवर बसून चाकूनं तिचं निळं टोक तासायला लागले. लाकडाचे कपचे पडत होते. मी पाहत उभा.

"एक नाव कमी झालं," ते म्हणाले. "सामाईक वजनात आठ किलोची जागा झाली. तुमची सहाशे ग्रामची दरखास्त मंजूर." पावतीवर निळ्यानं तसं लिहिलं आणि सही केली.

मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "साहेब, खातीपर्यंत तरी चला. तिथवर फार उंची नाही. डॉक्टरला विचारून—"

"खाती गाव हाय. गावं मी लय पाह्यली." ते उठले. "अन दयेची दरखास्त मी केली नाही. व्हा बाजूले."

त्या यात्रेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मी ती पुरी केली नाही. द्वालीपर्यंत मी मजेत होतो. फुरकियाला पोचलो, समोर संध्याकाळचा बर्फ लाल झाला, सगळे फोटो काढायला धावले, आणि माझ्या कपाळाच्या मागं कोणी खिळा ठोकावा तसं दुखायला लागलं. मी टोपी खाली ओढली. हिमनदी फक्त एका सकाळच्या अंतरावर होती. राजेश्वर सरांनी विचारलं, "सेठ, डोकं बरं हाय ना?"

'बरं आहे' हे दोन शब्द जिभेवर तयार होते. बायकोची गोळी म्हणणारी जीभ ती, तिला काय अवघड? पण मला ते मनगट आठवलं, बाही वर केलेलं.

"दुखून राह्यलं," मी म्हणालो. "वाचा सातवं कलम."

सरांनी ते वाचलं नाही, पण पाळलं. वाटाड्यानं मला द्वालीला उतरवलं. दुसऱ्या दिवशी बाकीचे चौघं वर बर्फावर उभे होते आणि मी खाली, जिथं त्याच बर्फाचं वितळलेलं पाणी धडधडत वाहतं तिथं, एका दगडावर बसून होतो. ती नदीच होती. खरी, पाण्याची. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ-खण ठेवून ओटी भरली आणि पाण्यात पाय घातले. पोटरीपर्यंत. कळ थेट मेंदूत गेली. अर्धा टॉवेल पुरला.

परत आल्यावर वही द्यायला त्यांच्याकडे गेलो. ते दारासमोर रस्त्यावर उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

"कुठं दुखलं? कपाळ का मागं?"

"कपाळामागं."

"किती वाजता?"

"सहाच्या सुमाराला."

"सुमाराले म्हणजे?"

"सहा वाजून दहा मिनिटं."

त्यांनी माझ्या नावापुढं लाल पेन्सिलीनं ते सगळं लिहिलं. पाचवी ओळ खारीज, सहावी ओळ खारीज. आता वहीत आम्ही दोघं शेजारी होतो, आणि ते दोघांनाही फारसं आवडलेलं नव्हतं. मी फोनवर सरांनी पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"हे काळं काय हाय?"

"दगड, साहेब. बर्फावर दगडच दगड होते म्हणे."

"सरकले का?"

"फोटोत कसं दिसणार?"

"मंग काय पाहून आले हे लोक," म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि घराकडे वळले. चौकट धरली, एक पाय वर टाकला, दुसरा वर येईना. मी पुढं होऊन कोपराला हात लावला.

"हात काढा."

मी काढला. ते चढले. किती वेळ लागला ते सांगत नाही. आत गेल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून, मनगटावर दोन बोटं ठेवून, ते ओठ हलवत उभे राहिले. पुढं ते फिरायला आले नाहीत, त्यामुळं त्यांना मी पाहिलं ते तसं, शेवटचं. मी म्हणालो, "येतो, साहेब." उत्तर आलं नाही. मी निघालो. गल्लीच्या टोकाला पोचलो तेव्हा मागून, उंबरठ्याच्या आतून, आवाज आला: "हां. या."

शेकडा पुरा झाला असावा.

दिवाळीनंतर ते गेले. अंत्ययात्रा बाजारगल्लीतूनच निघाली. पुढं हलगी, मागं खांदेकरी, बाजूला समोरच्या भुसार दुकानाचा टेम्पो उभा. आमच्या दुकानापाशी खांदेकरी अडले. एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला माझा ओटा. पुढचा म्हणाला, "डावीकडून घ्या, ओटा लागून राह्यला." राजेश्वर सर मागच्या खांद्याला होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे आडवे झाले, तिरडी कलती झाली, आणि चिंतलवार माझ्या फरशीच्या कडेवरून, दीड हात हटून, तिरपे पुढं गेले.

मी घाटावर जाऊन आलो, आंघोळ केली, जेवायला बसलो. भाकरी तोंडात फिरत होती. ताट उचलताना सुमन म्हणाली, "उद्या गवंड्याले बोलवा."

मी मान हलवली. म्हणालो, "आधी टेप आणून नीट मोजतो, कुठपर्यंत तोडायचं ते."

"मोजायची काय गरज हाय?" ती म्हणाली. "फरशी तडकलेली हाय न तिथं."